टॉरेंटची पडताळणी अयशस्वी होते तेव्हा : बिघाडाची जागा शोधण्याची पद्धत

टॉरेंटवरून, म्हणजे अनेक संगणकांकडून तुकड्यातुकड्याने, मोठी फाइल उतरवताना काम ९९ टक्क्यांपर्यंत सुरळीत जाते आणि तिथेच अडून बसते. किंवा काल पूर्ण झालेली फाइल आज पुन्हा तपासली असता ९७ टक्केच भरते. किंवा हॅश (डेटावरून गणिताने काढलेली ओळखखूण) जुळत नसल्याच्या नोंदी क्लायंटच्या, म्हणजे टॉरेंट उतरवणाऱ्या प्रोग्रामच्या, लॉगमध्ये एकापाठोपाठ एक दिसू लागतात. हे सॉफ्टवेअर नव्याने वापरणारे बहुतेक जण अशा वेळी एकच उपाय करतात, तो म्हणजे सगळे पुसून पहिल्यापासून डाउनलोड लावणे. या उपायाने कधीकधी काम भागते, परंतु बऱ्याचदा त्यात नुसता डेटा खर्ची पडतो, कारण मूळ बिघाड राउटरमध्ये, मेमरीत किंवा डिस्कमध्ये जिथे होता तिथेच राहतो आणि नव्या फाइलचीही तीच गत करतो. म्हणून काहीही पुसण्याआधी बाइट नेमके कुठे बदलले हे शोधावे. ते शोधण्याचा क्रम या लेखात दिला आहे.

पडताळणी काय तपासते

उदाहरणासाठी डेबियन या लिनक्स वितरणाची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉल करण्याच्या डिस्कची संपूर्ण प्रत, घेऊ. ही फाइल मोफत आणि उघडपणे वाटण्यासाठीच असते, डेबियन प्रकल्प स्वतःच्या संकेतस्थळावर तिचे टॉरेंट ठेवतो आणि तिचे अधिकृत चेकसमही (फाइल ताडून पाहण्याचे हॅश) तिथेच मिळतात. त्यामुळे सरावासाठी आणि बिघाड तपासण्यासाठीही तिच्याइतकी सोयीची फाइल दुसरी नाही.

ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली मांडलेल्या बिटटॉरेंट पद्धतीत मूळ फाइलचे सारख्या आकाराचे तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकड्याचा एसएचए-१ पद्धतीने काढलेला २० बाइटांचा हॅश टॉरेंट फाइलमध्ये लिहून ठेवलेला असतो. फाइल ४ जीबीची आणि तुकडा २५६ केबीचा धरला तर १६,३८४ तुकडे होतात आणि त्यांच्या हॅशची यादी ३२० केबी भरते. प्रत्यक्ष देवाणघेवाण मात्र याहून लहान, १६ केबीच्या ब्लॉकमध्ये चालते, म्हणजे २५६ केबीच्या एका तुकड्याचे सोळा ब्लॉक सोळा वेगवेगळ्या पीअरकडूनही, म्हणजे तीच फाइल वाटणाऱ्या इतर संगणकांकडूनही, येऊ शकतात. सगळे ब्लॉक जमले की क्लायंट तुकड्याचा हॅश काढतो, यादीतल्या हॅशशी ताडून पाहतो आणि तो जुळला नाही तर संपूर्ण तुकडा टाकून देऊन पुन्हा मागवतो. टॉरेंट फाइलऐवजी मॅग्नेट लिंक, म्हणजे टॉरेंटची ओळख सांगणारा नुसता दुवा, वापरली तरी फरक पडत नाही. लिंकमधला इन्फोहॅश हा या यादीसकट सगळ्या माहितीचा हॅश असल्यामुळे यादीही तपासूनच स्वीकारली जाते.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी की ‘हॅश जुळला नाही’ हा संदेश म्हणजे सॉफ्टवेअरचा बिघाड नसून सॉफ्टवेअरने पकडलेला बिघाड असतो. जुन्या काळी सगळीकडे इतकी काटेकोर व्यवस्था नव्हती. काझा या एकेकाळच्या लोकप्रिय प्रोग्रामची यूयूहॅश पद्धत मोठ्या फाइलचे ठरावीक भागच तपासत असे. शितावरून भाताची परीक्षा करण्याचाच तो प्रकार होता, आणि मधल्या न तपासलेल्या जागी कचरा भरलेल्या फाइली त्या जाळ्यावर सहज खपून जात. ईम्यूल वापरत असलेले ईडॉंकीचे जाळे संपूर्ण फाइल तपासत असे, पण त्याचा एकेक भाग ९७,२८,००० बाइटांचा असल्यामुळे एका चुकीच्या बाइटसाठी सव्वानऊ एमबी पुन्हा उतरवावे लागत, आणि त्यावर तोड म्हणून ईम्यूलने पुढे १८० केबीच्या ब्लॉकपर्यंत चूक शोधणारी व्यवस्था जोडली.

बिटटॉरेंटची दुसरी आवृत्ती याच दिशेने गेली आहे. २०१७ साली ॲम्स्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइली तयार करून दाखवल्या, तेव्हा त्या पद्धतीचे दिवस भरल्याचे स्पष्ट झाले. नव्या आवृत्तीत एसएचए-२५६ वापरला जातो आणि १६ केबीच्या प्रत्येक ब्लॉकचा स्वतंत्र हॅश असल्यामुळे चुकीचा ब्लॉक कोणी पाठवला हे लगेच कळते. क्यूबिटटॉरेंट या क्लायंटमध्ये ही सोय ४.४ या आवृत्तीपासून आहे. तरीही आज भेटणारी बहुसंख्य टॉरेंट जुन्याच पद्धतीची असल्याने पुढील विवेचन तिलाच धरून केले आहे.

किती चुका झाल्या तर काळजी करावी

हजारो तुकड्यांमध्ये दोन-चार तुकडे नापास होणे नेहमीचे आहे. इंटरनेटवरून येणाऱ्या पाकिटांना टीसीपी या वाहतुकीच्या नियमावलीचा चेकसम असतो, पण तो अवघा १६ बिटांचा असल्यामुळे क्वचित एखादी चूक त्यातून निसटते. शिवाय समोरच्या एखाद्या पीअरची डिस्क किंवा मेमरी खराब असू शकते. क्लायंट असे तुकडे आपणहून पुन्हा मागवतो आणि वापरणाऱ्याला काही करावे लागत नाही.

वाया गेलेल्या डेटाचा आकडा कुठे दिसतो ते माहीत असावे. क्यूबिटटॉरेंटमध्ये टॉरेंट निवडल्यावर खालच्या ‘जनरल’ टॅबमध्ये ‘वेस्टेड’ या नावाने तो दिसतो. त्यात नापास तुकड्यांबरोबर दोनदा आलेला डेटाही धरलेला असतो, म्हणून थोडासा आकडा पाहून घाबरू नये. म्यूटॉरेंटमध्ये त्याच्या शेजारी कंसात नापास हॅशची संख्या येते, तर ट्रान्समिशनच्या माहितीच्या खिडकीत पडताळणीत नापास होऊन टाकून दिलेला डेटा वेगळा दाखवला जातो. हा आकडा उतरलेल्या डेटाच्या मानाने नगण्य असेल आणि फाइल पूर्ण होत असेल तर पुढचे काही करण्याची गरज नाही. आकडा सारखा वाढत असेल, काम एकाच जागी अडले असेल किंवा पूर्ण झालेली फाइल नंतर अपुरी निघत असेल, तरच पुढच्या पायऱ्या कराव्यात.

आधी साध्या गोष्टी

टॉरेंट थांबवावे. क्यूबिटटॉरेंटच्या पाचव्या आवृत्तीपासून ‘पॉज’ऐवजी ‘स्टॉप’ असे नाव आले आहे. काम तेच आहे. फाइल पुसू नये, हलवू नये आणि तिचे नावही बदलू नये.

त्यानंतर टॉरेंटने दाखवलेली जागा आणि फाइल प्रत्यक्ष असलेली जागा एकच आहे ना, हे पाहावे. पुन्हा तपासणी केल्यावर शून्य टक्के आले तर बहुतेक वेळा फाइल खराब नसते. क्लायंट भलत्याच फोल्डरमध्ये शोधत असतो किंवा फाइलच्या नावात फरक पडलेला असतो. क्यूबिटटॉरेंटमध्ये अपूर्ण फाइलच्या नावाला पूर्णविराम, उद्गारचिन्ह आणि क्यूबी असे शेपूट जोडण्याचा पर्याय आहे आणि ट्रान्समिशन ‘पार्ट’ असे शेपूट जोडते. हे शेपूट कोणी हाताने काढले असेल तर क्लायंटला फाइल ओळखता येत नाही. उलट, नाव सारखे आहे म्हणून फाइल सारखी आहे असेही समजू नये. डेबियनच्या ‘टेस्टिंग’ शाखेच्या इन्स्टॉलर फाइलचे नाव आठवड्यामागून आठवडे तेच राहते आणि आतला मजकूर मात्र बदलत जातो. मागच्या महिन्यातली अशी फाइल वेगळ्या दिवशीच्या टॉरेंटला जोडली तर थोडेसेच तुकडे जुळतील, आणि त्यात दोष कोणाचाच नसेल.

फाइल पूर्ण आकाराची दिसते म्हणून ती पूर्ण उतरली, हाही एक नेहमीचा गैरसमज आहे. बरेच क्लायंट सुरुवातीलाच डिस्कवर पूर्ण आकाराची जागा अडवून ठेवतात. त्यामुळे एक्सप्लोररमध्ये ४ जीबी दिसत असले तरी आत निम्मी शून्ये असू शकतात.

डिस्कवर मोकळी जागा किती आहे आणि ती कोणत्या फाइल सिस्टिमने फॉरमॅट केली आहे, हेही याच वेळी पाहून घ्यावे. जुने पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डे अनेकदा फॅट-३२ असतात, आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीला एक बाइट कमी इतकीच मोठी असू शकते. उबुंटू २४.०४ ची डेस्कटॉप आयएसओ ५ जीबीहून मोठी आहे. ती अशा पेनड्राइव्हवर थेट उतरवू पाहणाऱ्याला मध्येच डिस्कवर लिहिता येत नसल्याची चूक मिळते आणि तो तिला पडताळणीची चूक समजतो. एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केल्यावर ही अडचण राहत नाही. फॉरमॅट करताना पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, म्हणून त्यावरचे आधी दुसरीकडे ठेवावे.

दोनदा तपासणी : निदानाची मुख्य पायरी

वरील गोष्टी ठीक असतील तर पुन्हा तपासणी करावी. क्यूबिटटॉरेंटमध्ये टॉरेंटवर उजवी क्लिक करून ‘फोर्स रीचेक’ हा पर्याय निवडावा. डेल्यूज आणि म्यूटॉरेंटमध्येही त्याच नावाचा पर्याय आहे, तर ट्रान्समिशनमध्ये त्याला ‘व्हेरिफाय लोकल डेटा’ म्हणतात. या आज्ञेने इंटरनेटवरून काहीही उतरत नाही. क्लायंट डिस्कवरची फाइल पहिल्यापासून वाचतो, प्रत्येक तुकड्याचा हॅश नव्याने काढतो आणि किती तुकडे खरोखर जुळतात ते सांगतो. क्यूबिटटॉरेंटच्या ‘जनरल’ टॅबमध्ये एकूण तुकडे, तुकड्याचा आकार आणि त्यांपैकी जवळ असलेले तुकडे अशी नोंद असते. टक्केवारीपेक्षा तीच संख्या कागदावर लिहून घ्यावी, कारण सोळा हजारांतले दोन तुकडे कमी झाले तरी टक्केवारीत ते जाणवत नाही.

आता टॉरेंट थांबलेलेच ठेवून संगणक पुन्हा सुरू करावा आणि तीच तपासणी दुसऱ्यांदा करावी. संगणक पुन्हा सुरू करणे अनेक जण टाळतात, पण ते सांगण्यामागे कारण आहे. नुकतीच वाचलेली फाइल ऑपरेटिंग सिस्टिम रॅममध्ये राखून ठेवते, त्यामुळे लगेच केलेली दुसरी तपासणी डिस्कपर्यंत पोहोचतच नाही आणि पहिल्याच वाचनाची नक्कल हाती येते.

आता दोन्ही वेळच्या संख्या शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्ही वेळा सगळे तुकडे जुळले तर फाइल मुळातच चांगली होती आणि फक्त क्लायंटची नोंद चुकली होती. टॉरेंट पुन्हा चालू करावे. दोन्ही वेळा सारखेच तुकडे कमी आले तर डिस्कवरचा डेटा खरोखर चुकीचा आहे, मात्र वाचन विश्वासार्ह आहे. संख्या बदलली, किंवा संख्या तीच राहून क्लायंट दाखवतो त्या तुकड्यांच्या पट्टीवरच्या मोकळ्या जागा सरकल्या, तर फाइल कशीही असो, ती वाचणारा संगणकच भरवशाचा नाही. या तिसऱ्या स्थितीत एक बाइटही नव्याने उतरवू नये.

पहिल्या स्थितीचे नेहमीचे कारण म्हणजे अचानक गेलेली वीज. कोणते तुकडे मिळाले याची नोंद क्लायंट ठरावीक अंतराने साठवतो. क्यूबिटटॉरेंटमध्ये हे अंतर मुळात ६० मिनिटांचे असते. उन्हाळ्यात भारनियमनाने संगणक धाडकन बंद पडला की डिस्कवर तुकडे असूनही नोंदीत नसतात, किंवा नोंदीत असलेले तुकडे डिस्कपर्यंत पोहोचलेलेच नसतात. दोन्ही प्रकारांत फोर्स रीचेक नोंद आणि वस्तुस्थिती यांचा मेळ घालतो, आणि पुष्कळदा वाया गेला असे वाटलेला डेटा परत हाती येतो. सेटिंगमध्ये ते अंतर कमी करता येते. यूपीएस नसलेल्या घरी ते पाच-दहा मिनिटांवर आणावे असे माझे मत आहे.

संख्या दर वेळी बदलते तेव्हा

हा बिघाड सर्वांत गंभीर असतो, आणि तो लक्षात आणून दिल्याबद्दल टॉरेंटचे आभारच मानावेत, कारण तीच मेमरी तुमचे फोटो आणि हिशेबाच्या फाइलीही हाताळत असते. फक्त तिथे हॅश काढून पाहणारे कोणी नसते.

पहिला संशय रॅमवर घ्यावा. ब्लॉक रॅममध्ये जमतात, तिथेच त्यांचा हॅश निघतो आणि तिथूनच ते डिस्कवर जातात. हॅश काढण्याआधी बिट उलटला तर तुकडा नापास होतो. हॅश काढल्यानंतर आणि डिस्कवर लिहिण्याआधी उलटला तर तुकडा पास होऊनही खराब लिहिला जातो आणि पुढच्या तपासणीत सापडतो. मेमटेस्ट८६ प्लस हा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून संगणक सुरू करावा आणि तो रात्रभर चालू द्यावा. विंडोजमध्ये स्वतःचा मेमरी डायग्नॉस्टिक असतो, पण तो तुलनेने वरवरचा आहे. एकही चूक दिसली तर ती ‘किरकोळ’ म्हणून सोडून देऊ नये. बायोसमध्ये रॅमचा वेग एक्सएमपीसारख्या पर्यायाने वाढवलेला असेल तर तो मूळ वेगावर आणून पुन्हा चाचणी करावी. तरीही चूक राहिली तर एकेक पट्टी काढून दोषी पट्टी शोधावी.

रॅम निर्दोष ठरली तर केबल आणि डिस्क पाहावी. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी स्मार्ट या व्यवस्थेत ठेवते. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्समध्ये स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामने त्या वाचता येतात. क्रमांक १९९ ची नोंद डिस्क आणि संगणक यांच्यामधल्या वाहतुकीतील चुका मोजते. ती वाढत असेल तर डिस्क बदलण्याआधी साटा केबल बदलून पाहावी, कारण तिला फारसा खर्च येत नाही. क्रमांक ५ आणि १९७ यांत शून्याहून मोठे आणि वाढते आकडे दिसले तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होत चालला आहे असे समजून आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढावी. बाहेरची यूएसबी डिस्क हबमधून जोडलेली असेल तर हब काढून ती थेट मागच्या पोर्टला लावून पाहावी.

डिस्कवरचे तुकडे स्थिरपणे चुकीचे असतात तेव्हा

दोन्ही तपासण्यांत तीच संख्या आली असेल तर टॉरेंट चालू करावे. क्लायंट नेमके तेवढेच तुकडे पुन्हा उतरवील. पूर्ण झाल्यावर टॉरेंट थांबवून, संगणक पुन्हा सुरू करून आणखी एकदा तपासणी करावी. आता सगळे तुकडे जुळले तर काम संपले. तुकडे पुन्हा कमी भरले तर फाइल लिहून झाल्यावर तिला कोणीतरी हात लावत आहे.

हा कोणीतरी बहुधा आपल्याच संगणकावरचा दुसरा प्रोग्राम असतो. गाणी वाजवणारे काही प्रोग्राम एमपी३ फाइलमधील कलाकाराचे नाव किंवा मुखपृष्ठ आपणहून दुरुस्त करतात; फोटो फिरवून जतन केला की मूळ फाइल बदलते; सोबतची वाचा-मला छापाची मजकूर फाइल एडिटरमध्ये उघडून जतन केली की ओळींच्या शेवटची चिन्हे बदलू शकतात. माणसाच्या दृष्टीने यात काही बिघडलेले नसते, पण एक बाइट बदलला तरी हॅश पूर्णपणे वेगळा येतो. अँटिव्हायरसने एखादी फाइल उचलून विलगीकरणात टाकली असेल तर तिचे तुकडे तपासणीत गायब दिसतात. अशा वेळी लगेच फोल्डरला सूट देऊन मोकळे होऊ नये; ती फाइल संशयास्पद का ठरली हे आधी पाहावे, आणि अधिकृत स्रोताचे टॉरेंट नसेल तर अँटिव्हायरसचेच ऐकावे. क्लाउडशी जोडलेले फोल्डरही टाळावेत, कारण जागा वाचवण्यासाठी ती सेवा स्थानिक प्रत काढून तिच्या जागी नुसती खूण ठेवू शकते.

अनेक फाइली असलेल्या टॉरेंटमध्ये आणखी एक गुंता असतो. जुन्या पद्धतीत सगळ्या फाइली एकापुढे एक ठेवलेल्या आहेत असे मानून तुकडे पाडले जातात, त्यामुळे एका फाइलचा शेवट आणि पुढच्या फाइलची सुरुवात एकाच तुकड्यात येते. बिनमहत्त्वाची म्हणून एखादी लहान फाइल पुसली तर शेजारच्या मोठ्या फाइलचा सीमेवरचा तुकडा नापास होतो आणि ती ९९ टक्क्यांवर दिसू लागते, जरी तिचा एकही बाइट बदललेला नसला तरी. न निवडलेल्या फाइलींचे असे सीमेवरचे अंश क्यूबिटटॉरेंट ‘पार्ट्स’ असे शेपूट असलेल्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. तीही कचरा समजून पुसू नये.

पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डावर उतरवत असाल आणि सुरुवातीचे तुकडे ठीक राहून एका मर्यादेनंतरचे सगळेच खराब निघत असतील, तर त्याची क्षमता बनावट असण्याची शक्यता आहे. अशा वस्तू संगणकाला खोटा आकडा सांगतात आणि खरी जागा संपल्यावर लिहिलेले हरवून टाकतात. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ हे प्रोग्राम संपूर्ण जागा भरून आणि परत वाचून खरी क्षमता सांगतात. बाजारातून स्वस्तात घेतलेल्या प्रत्येक पेनड्राइव्हची ही चाचणी पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

तोच तुकडा पुन्हा पुन्हा नापास होतो तेव्हा

तपासणीत सगळे स्थिर आहे, परंतु एक-दोन तुकडे कितीही वेळा उतरले तरी जुळत नाहीत आणि वाया गेलेल्या डेटाचा आकडा वाढतच राहतो, अशी स्थिती असेल तर बिघाड वाटेत किंवा पलीकडच्या टोकाला आहे.

पलीकडच्या टोकाची काळजी क्लायंट बऱ्याच अंशी स्वतःच घेतो. क्यूबिटटॉरेंट आणि डेल्यूज ज्या लिबटॉरेंट लायब्ररीवर चालतात ती नापास तुकड्यातील ब्लॉकची नोंद ठेवते, पुढे तो तुकडा बरोबर मिळाला की दोन्हींची तुलना करून चुकीचा ब्लॉक पाठवणाऱ्या पीअरवर बंदी घालते. संशयित पीअरला ती जणू पॅरोलवर ठेवते, म्हणजे संपूर्ण तुकडा त्या एकट्याकडूनच मागवते, जेणेकरून दोष दुसऱ्यावर ढकलला जाऊ नये. तरीही एखादा पीअर सतत त्रास देत आहे असे दिसले तर पीअरच्या यादीत उजवी क्लिक करून त्याच्यावर कायमची बंदी घालता येते.

पीअरशिवाय आणखी एक स्रोत असतो आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. काही टॉरेंटमध्ये वेबसीड, म्हणजे साध्या वेब सर्व्हरचा पत्ता दिलेला असतो. त्या पत्त्यावरची फाइल नंतर बदलली गेली असेल तर तिथून येणारा प्रत्येक तुकडा वाहतुकीच्या दृष्टीने निर्दोष आणि हॅशच्या दृष्टीने चुकीचा असतो. क्यूबिटटॉरेंटच्या ‘एचटीटीपी सोर्सेस’ या टॅबमधून तो पत्ता काढून टाकावा आणि मग पाहावे.

एवढे करूनही वेगवेगळ्या पीअरकडून आलेला तोच तुकडा नापास होत असेल तर राउटरकडे वळावे. काही जुने घरगुती राउटर, विशेषतः डीएमझेड (बाहेरून येणारी सगळी वाहतूक एकाच संगणकाकडे वळवणारी सोय) किंवा गेमिंगसाठीची खास सोय चालू असताना, पाकिटाच्या शीर्षातला आयपी पत्ता बदलून थांबत नाहीत. पाकिटाच्या पोटातही त्या पत्त्याचे चार बाइट आढळले तर ते पत्ता समजून बदलून टाकतात. काही सेवांना ही मदत उपयोगी पडावी असा हेतू असतो, परंतु फाइलच्या डेटात तेच चार बाइट योगायोगाने आले तरी राउटर त्यांना सोडत नाही. पत्ता बदलल्यावर चेकसमही राउटरच नव्याने काढतो, त्यामुळे टीसीपीला काहीच संशय येत नाही. चार बाइटांच्या ४ अब्ज २९ कोटींहून अधिक जुळण्या होतात, म्हणजे संकुचित केलेल्या, यादृच्छिक दिसणाऱ्या डेटात विशिष्ट जुळणी सरासरीने दर ४ जीबीमागे एकदा येते. लहान फाइली बिनबोभाट उतरतात आणि मोठी आयएसओ नेमकी एका तुकड्यासाठी अडते, याचे कोडे इथे सुटते.

यावर उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये डीएमझेड बंद करावे आणि क्लायंटचा पोर्ट तेवढा फॉरवर्ड करावा, म्हणजे फक्त क्लायंटसाठीची वाहतूक संगणकाकडे वळवावी. उत्पादकाने नवे फर्मवेअर (राउटरच्या आतले सॉफ्टवेअर) दिले असेल तर ते घालावे. राउटरमध्ये हात घालता येत नसेल, उदाहरणार्थ वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत, तर क्लायंटच्या सेटिंगमध्ये एन्क्रिप्शन सक्तीचे करावे. त्यामुळे तोच ब्लॉक दर जोडणीत वेगळ्या बाइटांच्या रूपात प्रवास करतो, राउटरला ओळखीचे चार बाइट त्याच जागी पुन्हा सापडत नाहीत आणि अडलेला तुकडा बहुधा पुढच्याच प्रयत्नात पास होतो. एन्क्रिप्शन न वापरणारे पीअर यात गळतात, म्हणून तुकडा मिळाल्यावर सेटिंग पूर्ववत केले तरी चालेल. तात्पुरती खातरजमा करायची असेल तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तेवढाच तुकडा उतरवून पाहावा. तिथे तो लगेच जुळला तर घरच्या राउटरवरचा संशय पक्का होतो.

हे सगळे उपाय थकले आणि उपलब्ध सीडर, म्हणजे पूर्ण फाइल वाटणारा पीअर, एखादाच असेल, तर त्याच्याचकडची प्रत खराब असू शकते. त्याला आपल्या बाजूने इलाज नाही. दुसरे टॉरेंट किंवा थेट डाउनलोड शोधावे. फाइल त्याच आवृत्तीची असेल तर थेट उतरवलेली प्रत जुन्या जागी त्याच नावाने ठेवून फोर्स रीचेक करता येतो.

शंभर टक्क्यांनंतर

टॉरेंट पूर्ण झाले याचा अर्थ फाइल त्या टॉरेंटशी जुळली, एवढाच असतो. ते टॉरेंटच कोणी बनावट केले असेल तर बनावट फाइलही शंभर टक्के पास होईल. म्हणून प्रकाशकाने दिलेल्या चेकसमशी फाइल ताडून पाहावी. डेबियन एसएचए-२५६ आणि एसएचए-५१२ अशा दोन्ही चेकसमच्या याद्या देतो आणि उबुंटू एसएचए-२५६ ची. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही आज्ञा मुळात एसएचए-२५६ काढते, म्हणून दुसऱ्या यादीसाठी अल्गोरिदम म्हणून एसएचए-५१२ असे स्पष्ट सांगावे लागते. लिनक्समध्ये त्या त्या नावाच्या ‘सम’ आज्ञा आहेत, तर मॅकवर ‘शासम’ आज्ञेला २५६ किंवा ५१२ हा आकडा द्यावा लागतो. पहिली आणि शेवटची चार अक्षरे पाहून समाधान मानू नये. दोन्ही ओळी एकाखाली एक चिकटवून पूर्ण ताडाव्यात. यादीसोबत डिजिटल सहीची फाइलही असते. जीपीजी या प्रोग्रामने ती तपासली तर यादी खरोखर त्या प्रकल्पाचीच आहे हेही कळते.

आयएसओ पेनड्राइव्हवर लिहिताना नवी चूक शिरू शकते, आणि तिच्याशी टॉरेंटचा काही संबंध नसतो. बॅलेनाएचर हा प्रोग्राम लिहून झाल्यावर परत वाचून खात्री करतो. तो टप्पा घाईने वगळू नये.

इतके करूनही उलगडा झाला नाही आणि जाणकाराची मदत घ्यायची वेळ आली, तर क्लायंटचे नाव आणि आवृत्ती, टॉरेंटचा इन्फोहॅश, तुकड्याचा आकार, दोन्ही तपासण्यांत जुळलेल्या तुकड्यांच्या संख्या, वाया गेलेला डेटा, डिस्कची फाइल सिस्टिम आणि मेमरी चाचणीचा निकाल एवढी माहिती एकत्र द्यावी. सोबत पडद्याचे चित्र पाठवणार असाल तर पीअरची यादी त्यातून कापून टाकावी, कारण तिच्यात इतर लोकांचे आयपी पत्ते असतात.